अंगठा उठत न्हाई

शेवटच्या तोड्याची मिरची ही बोलून चालून रडकी मिरची. झाडं थकलेली, पानं मुरडलेली आणि बाया चिडलेल्या. पोतं काही लवकर भरत नाही आणि मजुरी पोत्यावर असते. त्या दिवशी चतुराबाईच्या रानात अशाच दहा-बारा बाया वाकून तोडा करत होत्या, आणि मी आमच्या दोघांच्या बांधावर बसून तंबाखू मळत होतो. तेवढ्यात एक मोटरसायकल ओल्या सरीतून सरळ मिरचीच्या झाडांवरून आत आली.

गाडी चालवणाऱ्याला पाऊलवाट दिसली नव्हती असं नाही. पाऊलवाटेनं आलं तर वसुलीवाला कसा वाटणार?

"चतुराबाई रखमाजी कोन हाये?" तो गाडीवरूनच ओरडला.

बायांचे हात चालूच राहिले. चतुराबाईचेही. नवरा रखमाजी जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याचं नाव असं कोणी मोकाट घेतलं की तिच्या कपाळाला आठी पडते. ती स्वतः आजही त्याला 'शिवकन्याचा बाप' म्हणते.

"मी हाये. तू कोन? आन् झाडं कामून मोडून राह्यला?"

"मी राधेश्याम. कंपनीकडून आलो. फ्रीजचे पैसे. एक्केचाळीस हजार आठशे."

हा आकडा त्यानं बायांकडे बघून सांगितला, चतुराबाईकडे बघून नाही. या धंद्यातलं पहिलं शिक्षणच ते असतं. मला ते चांगलं माहीत आहे, कारण मी नागसेन, तीस वर्षं भोकरदनच्या कोर्टात बेलीफ होतो. लोकांच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या, भांडी उचलली, शिव्या खाल्ल्या. फरक एवढाच की माझ्या खिशात कोर्टाचा हुकूम असायचा. ह्याच्या खिशात कंगवा होता.

फ्रीजची गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. दोन हजार पंधरा साली चतुराबाईनं हप्त्यावर फ्रीज घेतला. दूध टिकवायचं, उन्हाळ्यात शाळेपुढं पेप्सीच्या कांड्या विकायच्या असा बेत. अठरा हप्त्यांपैकी बारा तिनं वेळेवर भरले. मग एका दुपारी गावातली वीज एकदम वाढली आणि फ्रीजचा जीव गेला. दुकानदार म्हणाला कंपनीला सांगा, कंपनी म्हणाली दुकानदाराला सांगा. तरी ही बाई तेराव्या हप्त्याचे पैसे पदरात बांधून बसली होती. पण तो नोटाबंदीचा महिना. हप्तेवाला आला, पाचशेच्या जुन्या नोटा बघितल्या आणि म्हणाला, ह्या चालत नाहीत, पुढच्या महिन्यात येतो. त्या पुढच्या महिन्याला आता नऊ वर्षं झाली.

"सहा हप्ते ऱ्हायलेते," चतुराबाई म्हणाली. "एक्केचाळीस हजार कशाचे?"

"व्याज, दंड, नोटिशीचा खर्चा. मावशी, मी भांडायला आलो न्हाई. आज एक रुपया देऊ नका. बिलकुल नको. फकस्त ह्या कागदावर अंगठा द्या, मी चाललो."

मी तंबाखू थांबवली. पैसे मागणाऱ्याला मी कधी भ्यालो नाही, पण पैसे नको म्हणणाऱ्या वसुलीवाल्याचं मला लगेच भ्या वाटतं.

"कागद दाखव," मी बांधावरनं म्हणालो.

"तुम्ही कोन?"

"शेजारी. दावा कुठल्या कोर्टात हाये? नंबर काय?"

"नंबर हाफिसात हाये." तो माझ्याकडे वळलाच नाही. त्यानं खिशातून शाईची डबी काढली, उघडली आणि चतुराबाईचा हात मनगटाला धरून डबीवर दाबायला लागला. "एक सेकंदाचं काम हाये, मावशी, जल्दी करा."

चतुराबाईनं हात हिसडला. डबी मातीत पडली, कागदावर मिरचीचा रस लागला. राधेश्यामला घाम आला, आणि त्या शहाण्यानं तोच हात डोळ्याला लावला.

सकाळपासून मिरची तोडणारा हात धरायचा आणि मग डोळा पुसायचा, ही चूक आमच्याकडची दोन वर्षांची पोरगीही करत नाही. तो असा ओरडला की पलीकडच्या रानातली बैलं थांबली. बाया कंबर धरून हसल्या. एकजण म्हणाली पाणी मारू नका, जास्त भणभणतं. तोवर ह्यानं अर्धी बाटली डोळ्यात ओतलेली होती.

गाडीला किक मारताना त्याचा एक डोळा बंद होता, पण तोंड चालू होतं.

"रविवारी तुमच्या पोरीची सुपारी हाये ना? परतूरकडून पाव्हणे येऊन राह्यले ना? मी येतो. दोन मानसं घेऊन येतो. पाव्हण्यांना कळू द्या कसलं घर हाये ते."

बायांचं हसू तिथंच थांबलं.

दुपारी मी चतुराबाईच्या अंगणात गेलो. ती हाताला गोडं तेल चोळत ओट्यावर बसली होती. शेजारी आप्पाराव आधीच येऊन खाटेवर पसरला होता. आप्पाराव म्हणजे आमच्या गावाचा सल्लागार. कोणी मागत नाही, तो देतो. रविवारच्या कार्यक्रमाचा बोभाटा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर कोणी केला असेल हे मला विचारायची गरज पडली नाही.

"दे टाकून अंगठा," तो सांगत होता. "पैशे थोडेच मागून राह्यला? पोरीची सोयरीक मोठी का अंगठा मोठा?"

"आप्पाराव, तुमच्या घरचा अंगठा द्या की," मी म्हणालो.

"तुमचं काय जातंय, बेलीफ? पोरगी तिची हाये."

ते मात्र खरं होतं. शिवकन्या आत चूल सारवत होती, आणि तिचा हात मधेच थांबलेला मला दारातून दिसत होता. चार ठिकाणी बोलणी फिसकटून ही सोयरीक जुळत आली होती. मुलाचे वडील काकासाहेब म्हणजे मानपानाचा माणूस. पाव्हण्यांसमोर दोन टगे उभे राहून पैसे मागायला लागले तर ते पानाला हात न लावता उठतील, एवढं मलाही कळत होतं.

"चतुराबाई, नीट ऐका," मी म्हणालो. "असल्या पैशासाठी दावा लावायला कायद्यानं तीन वर्षांची मुदत हाये. हप्ता थकला तिथून तीन वर्षं. तेवढ्यात कोर्टात गेले तर गेले. न्हाई गेले तर कोर्टाचं दार बंद. तुमचे नऊ झाले. तो जज्जापुढं उभा ऱ्हायला तरी जज्ज म्हणंल, झोपलाता का इतके दिवस?"

"मंग तो कामून आला?"

"अंगठ्यासाठी. मुदत गेल्यावर तुम्ही सोताच लिहून दिलं, का व्हय, मी इतके देनं लागते आन् देते, तर मेलेलं येनं उठून बसतं. पुन्हा तीन वर्षं. सहा हप्त्यांचं न्हाई, एक्केचाळीस हजार आठशेचं. म्हणून त्याला आज रुपया नको. समजलं?"

आप्पाराव खाटेवर उठून बसला. "आसं कुठं आसतं व्हय?"

"तुमच्या टपरीवर नसतं. कायद्यात आसतं."

चतुराबाई तेल चोळत राहिली. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. मी मूर्ख.

"म्हंजी फ्रीज मी फुकट घेतला म्हणा की," ती म्हणाली. "भाऊ, मुदत कोर्टाची आसंल. मानसाची कुठं आसती? मी वापरला ना तो? एक उन्हाळा कांड्या इकल्या ना?"

"बारा हप्ते भरले ना?"

"सहा ऱ्हायले ना?"

"अवं, तुम्ही हातात पैसे घेऊन उभ्या होत्या. त्यानं घेतले न्हाई!"

"ते बी खरं." तिनं तेलाचे हात पदराला पुसले. मग एकदम म्हणाली, "तुम्ही आज लई कायदा सांगून राह्यले. आमच्या सासऱ्याचं घंगाळ नेलतं तव्हा न्हाई सांगितला."

मला वाटत होतं ती विसरली. अठ्ठ्याण्णव साली मीच ते तांब्याचं घंगाळ उचललं होतं, हुकूमनाम्यावर. नवी सून होती ही, दाराआड उभी. तो दावा मुदतीत होता, हुकूम बराबर होता, सगळं कायदेशीर होतं, आणि तरीही ते घंगाळ जीपमध्ये टाकताना झालेला आवाज मला अजून आवडत नाही.

"अंगठा देऊ नका, एवढंच सांगायला आल्तो," मी उठलो.

"बघते," ती म्हणाली.

आमच्याकडे 'बघते' म्हणजे काय, हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. शनिवारभर मला चैन पडलं नाही.

रविवारी अंगणात सतरंज्या पडल्या. कार्तिकातलं ऊन, हवं तेवढंच. परतूरकडून दोन गाड्या भरून पाव्हणे आले. काकासाहेब मधोमध लोडाला टेकले. पांढरा फेटा, भरघोस मिशी, बोटात दोन अंगठ्या. हसले तर अंगण हलायचं आणि ते वरचेवर हसत होते. शिवकन्येला कुंकू लावून झालं, साडी-चोळी दिली, पानसुपारीचं तबक पुढं आलं. चहा फिरत होता तेव्हाच दारात राधेश्याम उभा राहिला. मागं दोन दांडगे. त्यातला एक तर च्युइंगम चघळत होता.

"राम राम मंडळी," राधेश्याम म्हणाला. "पाव्हण्यांनो, माफ करा. ह्या बाईकडं एक्केचाळीस हजार आठशे येनं हाये. नऊ वर्षं झाले, देऊन न्हाई राह्यली. तुम्ही इथं पोरगी देऊन-घेऊन राह्यले, म्हणून म्हणलं तुमाला म्हाईत आसावं."

काकासाहेबांच्या हातातला कप बशीवर तसाच राहिला. शिवकन्येनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आणि मेहेरबान आप्पाराव पुढं होऊन म्हणतात कसे, "चतुराबाई, द्या की अंगठा. पाव्हण्यांचा खोळंबा कामून?"

त्या क्षणी मला कुणाचा जास्त राग आला ते आजही सांगता येत नाही. मी उठलोच होतो, पण चतुराबाईनं मला हातानंच खाली बसवलं. पदर खोचला आणि ती राधेश्यामसमोर जाऊन उभी राहिली.

"देते. आन तुझी शाई."

मी बसल्या जागेवरून जोरजोरात मान हलवली.

"शाई न्हाई, मावशी," तो दोन पावलं मागं सरकून म्हणाला. तिच्या हाताकडे तो अजून नीट बघत नव्हता. "शाईचं लोक मागून न्हाई म्हणत्यात. आता मशीन हाये. आधारला जोडलेली. बराबर तुमच्या नावावर अंगठा लागतो." मोबाईलला जोडलेली काडेपेटीएवढी मशीन त्यानं लांबूनच पुढं केली. "हात धुतलाय ना?"

"दोनदा."

तिनं अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला आणि टुक केलं.

"पुन्हा ठेवा."

टुक.

"जरा दाबून."

टुक. त्यानं रुमाल दिला, तिनं अंगठा पुसला. टुक. दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवला. टुक. च्युइंगमवाल्यानं मोबाईल हातात घेऊन झटकला, जसं काही त्यात पाणी गेलं होतं. टुक. आमच्या सगळ्यांच्या माना त्या काडेपेटीकडे वळलेल्या, आणि मधे चतुराबाई शांत उभी.

"उठत न्हाई," ती म्हणाली. "नगं कष्ट घेऊ. पंचवीस वर्षं मिरची तोडली, अंगठ्यावर रेघ ऱ्हायली न्हाई. पाच महिने झाले, रेशनच्या दुकानात बी उठंना. गहू दिला न्हाई, तांदूळ दिला न्हाई. म्या म्हणलं, आरं मी समोर उभी हाये ना? तर म्हणला, मावशी, तुम्ही आसाल, पण मशीन म्हणती तुम्ही चतुराबाई न्हाई." तिचा आवाज आता चढला. "गहू द्यायच्या टायमाला मी चतुराबाई न्हाई. आन् पैसे घ्यायच्या टायमाला बराबर चतुराबाई व्हय रे? मशीनला इचार आधी, मी कोन हाये ते. मंग पैसे माग."

बायांच्या बाजूनं पहिलं हसू फुटलं. मग पाव्हण्यांच्या बाजूनं.

राधेश्याम कानापर्यंत लाल झाला. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, तोच, मिरचीचा डाग असलेला. "मशीन जाऊ द्या. कागदावर द्या. साधा अंगठा."

"न्हाई देत."

"आत्ता तर देते म्हणल्या?"

"शाई मागितली, तर तूच न्हाई म्हणला. मंग मशीनला अंगठा सगळ्यांसमोर दिला, सहा वेळा. तिनं घेतला न्हाई. नऊ वर्षांमागं हप्ता बी आसाच हातावर धरलाता, तव्हा बी तुमच्याच मानसानं घेतला न्हाई. मी दर वेळंला हात पुढं करायचा, आन् दर वेळंला तुम्हीच न्हाई म्हणायचं. आता बास झालं." ती कोपऱ्याकडे वळली. "फ्रीज पाहिजे तर घेऊन जाय. तिथं हाये."

अंगणाच्या कोपऱ्यात तो फ्रीज उताणा पडलेला होता. दार कधीच निघालेलं. आत पाचट, आणि पाचटावर लाल कोंबडी फुगून बसलेली. च्युइंगमवाला उचलायचा म्हणून खरंच वाकला, तर कोंबडीनं त्याच्या बोटाला असा टोचा मारला की तो च्युइंगम गिळून बसला.

"खुडूक हाये ती," चतुराबाई म्हणाली. "अंड्यावर बसून चार दिवस झाले. सतरा ऱ्हायले. मंग या. तिला तिची मुदत कळती. तुमच्या कंपनीला कळत न्हाई."

आता मात्र अंगण खदखदलं. मीही उठलो आणि बेलीफाच्या जुन्या आवाजात, जो ऐकून गावातली कुत्री अजून उठतात, त्याला सांगितलं की तीन वर्षांची मुदत जाऊन सहा वर्षं झाली, दाव्याचा नंबर घेऊन ये, नाहीतर पुन्हा कुणाच्या घरगुती कार्यक्रमात दोन माणसं घेऊन शिरलास तर तक्रार मी स्वतः लिहीन आणि साक्षीला हे दीडशे लोक असतील. साठच होते, पण त्याला मोजायला वेळ नव्हता.

गाडी सुरू झाली तेव्हा सर्वांत मोठ्यानं हसत होते काकासाहेब. मिशीवरचा चहा पुसत, मांडीवर थाप मारत. "वा, विहीणबाई, वा! आशीच बाई पाहिजे घरात! आवं, कागदावर अंगठा द्यायला मानूस काय येडा हाये का? आजकाल शेंबडं पोरगं बी देत न्हाई!" सगळ्या पाव्हण्यांनी माना डोलावल्या. आप्पाराव तर म्हणायला लागला की मी आधीच सांगत होतो. सुपारी फुटली. शिवकन्येनं मान वर केली, आणि चतुराबाई पदराआड तोंड नेऊन एकदाची रडली. मला इतकं बरं वाटलं की मी तिसरा चहा घेतला.

पाव्हणे निघायच्या तयारीत असताना काकासाहेब मला म्हणाले, "बेलीफसाहेब, जरा तुमचं रान दाखवा की." रान बघायची त्यांची काही इच्छा दिसत नव्हती. गोठ्यामागं आल्यावर ते थांबले. फेटा नीट केला, उगाच खोकले.

"तुम्ही ते मुदतीचं म्हणलं," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "टीव्हीला बी लागू आसती का?"

"आसती. कधीचा टीव्ही?"

"बारा सालचा." दोन अंगठ्यांचं बोट ते दुसऱ्या हातानं चोळत होते. "आमचा अंगठा चांगला उठला, साहेब. पयल्याच झटक्यात. हिरवा दिवा. सात महिने झाले, दर महिन्याला तीन हजार भरून राह्यलो." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "दिलेला अंगठा परत घेता येतो का?"

तीस वर्षांत मला कोर्टाच्या आवारात हजार प्रश्न विचारले गेले. त्यातल्या निम्म्या लोकांना मी हसलो असेन. ह्या माणसाला हसायला तर मला चांगलं कारण होतं, शेंबड्या पोराचं बोलून त्याला अजून अर्धा तास झाला नव्हता. पण ते घंगाळ आठवलं आणि हसू आलं नाही.

"फसवून घेतला म्हणून भांडता येतं," मी म्हणालो. "पण द्यायला एक सेकंद लागतो. परत घ्यायला वकील लागतो, आन् वरसं लागत्यात. उद्या कागद घेऊन या माझ्याकडं."

ते 'येतो' म्हणाले नाहीत, 'बघू' म्हणाले.

"आत कुणाला बोलू नका," एवढं सांगून काकासाहेबांनी मिशी सारखी केली आणि अंगणात शिरता शिरता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "विहीणबाई, सतरा दिवसांनी पिल्लं निघाली की एक आम्हाला द्या हं!" आणि पुन्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले.